साऱ्या कारखान्याचे डोळे आले

तीर्थस्वरूप सौ. आत्या, आणि तिला हे वाचून दाखवणारे तीर्थस्वरूप आतोबा, दोघांच्या पायांवर डोकं ठेवून पत्राला सुरुवात करतो. आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत, म्हणजे निदान घरातले तरी. तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबांचा खोकला बसला का, की अजून शेजारच्यांनी त्यावर घड्याळ लावावं इतका नियमित आहे? न्हाणीघराचं दार पूर्वीसारखंच अडकतं का? या सगळ्याची उत्तरं तू इथे आलीस की सांग, मला त्यांची घाई नाही. घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे.

तुझ्या ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. (तू विसरणार नाहीसच, इतके महिने तिची वाट पाहिली आहेस. हे मी आतोबांसाठी लिहितोय.) डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईंनी मला परत परत बजावलंय, की पेशंटचे डोळे अगदी स्वच्छ हवेत, लाली नको, चिकटा नको, आणि जिथे उतरणार त्या घरात कोणाचेही डोळे आलेले नकोत. तसं काही निघालं तर टेबलावरून परत पाठवू आणि नवीन तारखेसाठी रांगेच्या शेवटी उभं करू, असं त्या म्हणाल्या. तुझ्या डाव्या डोळ्याला आता नुसता उजेडच कळतो आणि उजवाही त्याच वाटेला लागलाय, हे मला माहीत आहे. तेव्हा पुढे मी काय वाटेल ते लिहीत सुटलो, तरी हे एवढं डोक्यात ठेव.

(आतोबा, तुम्ही कंसातलंही मोठ्याने वाचता याची मला कल्पना आहे. औषधाच्या बाटलीवरचं 'हलवून घ्यावे' हेसुद्धा तुम्ही घसा खाकरून वाचता. तरी एक विनंती आहे. हे पत्र वाचताना मधेच थांबून आपलं मत सांगू नका, नाहीतर मूळ मुद्दा राहून जाईल. मूळ मुद्दा आहे. मी त्याच्याकडेच निघालो आहे.)

तुला नेहमी प्रश्न पडतो, की एवढीशी सुई करायला एवढी माणसं लागतात तरी कशाला. (आतोबांनाही पडतो, पण ते विचारत नाहीत, ते सांगतात.) तर तारेचं भेंडोळं एका दारातून आत येतं, एक जण त्याचे तुकडे तोडतो, दुसरा त्यांना टोक काढतो, यंत्र नेढं पाडतं, पॉलिशवाल्या बायका चकाकी आणतात, आणि मग ती सुई माझ्या टेबलावर येते. मी नेढं तपासणारा मुकादम. नेढ्याच्या कडेला किंचित खरखर राहिली तर दोरा कापला जातो, आणि ती खरखर नुसत्या डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी आमच्याकडे एक भिंग होतं, घड्याळजी डोळ्यात बसवून काम करतात तसलं, काळ्या रबरी काठाचं. जुनं, पण काच अशी की तीतून सुई बघितली तर मुसळ बघितल्यासारखी वाटावी. आणि माझा एक नियम होता. सुई नापास झाली की मी आरडाओरडा करत नसे. जिच्या हातची असेल तिला, ज्याच्या हातची असेल त्याला बोलवायचं, भिंग हातात द्यायचं आणि म्हणायचं, बघ. आपली चूक आपल्याच डोळ्यांनी बघितली की माणूस सुधारतो, असं माझं मत. या नियमाचा मला फार अभिमान वाटायचा. दिवसभरात कारखान्यातला जवळजवळ प्रत्येक जण माझ्या टेबलाशी येऊन ते भिंग डोळ्यात बसवून जाई. मी स्वतः जाड चष्म्याचा माणूस, त्यामुळे मी ते चष्म्याच्या काचेवरच टेकवून बघतो. हे तू लक्षात ठेव, कारण मी ठेवलं नाही.

पहिल्यांदा डोळे आले ते तार तोडणाऱ्या मिशीवाल्याचे. तो म्हणाला, कांदा चिरला. दुसऱ्या दिवशीही कांदाच म्हणाला. मग टोकवाल्याचे आले, मग पॉलिशवाल्या बायकांचे, आणि मग चक्क रखवालदाराचे. रखवालदाराचा सुईशी काय संबंध, असं तू म्हणशील. काही नाही, पण येता जाता माझ्याकडे डोकावून, बघू तरी काय बघता रोज, असं म्हणून भिंग लावून जायची त्याला हौस. बघता बघता निम्मा कारखाना घरी बसून डोळ्यांत थेंब घालायला लागला, आणि उरलेला निम्मा इतका लाल डोळ्यांनी कामावर यायचा की सगळे आत्ताच भांडून आलेत असं वाटावं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि साथ थांबवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी विचारलं, मलाच का? साहेब म्हणाले, तुम्हाला चष्मा आहे. चष्मा लावणाऱ्याला डोळ्यांतलं कळतं हे कुठलं गणित, ते मला तेव्हाही उमगलं नाही आणि अजूनही उमगलेलं नाही. पण सगळ्यांचे डोळे लाल आणि माझे एकट्याचे पांढरेशुभ्र, हे मात्र खरं होतं. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, आत्या यायच्या आहेत, तुम्ही त्या भानगडीपासून लांब राहा. मी म्हणालो, आत्या यायची आहे म्हणूनच तर हे काम अंगावर घेतलं, साथ कारखान्यातच गाडून टाकतो, उंबऱ्यापर्यंत येऊच देत नाही. हे बोलताना माझं मलाच फार बरं वाटलं. हिने अंगणात एक वेगळी बादली आणून ठेवली. तेव्हापासून मी कामावरून आलो की बाहेरच हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच आत येतो.

आता पहिला प्रश्न, डोळे येतात कशाने? एक जण म्हणाला, आलेल्या डोळ्यांकडे बघितलं की येतात. दुसरा म्हणाला, धुळीने. पॉलिशवाल्या मावशी म्हणाल्या, उष्णतेने. रखवालदार म्हणाला, जागरणाने, पण तो प्रत्येकच गोष्टीला जागरणाने म्हणतो. सगळ्यांचंच थोडंथोडं पटत होतं, म्हणून मी सगळ्यांचंच ऐकायचं ठरवलं. आधी हुकूम काढला, की कोणी कोणाच्या डोळ्यांत बघायचं नाही. माणसं छताकडे बघत बोलायला लागली. छताकडे बघत चालायलाही लागली. दोन गाडेवाले असेच वर बघत समोरासमोर आले आणि सुयांची अख्खी पेटी जमिनीवर सांडली. मग बाकीचा दिवस आम्ही सगळे लोहचुंबक हातात घेऊन रांगत होतो, तेही एकमेकांकडे न बघता.

मग काळे चष्मे वाटले. काळ्या चष्म्यातून सुईच धड दिसेना, नेढं कुठलं दिसायला. मग जो तो संशय आला की सुई घेऊन माझ्याकडे यायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, भिंग डोळ्यात बसवून खात्री करायचा आणि पुन्हा काळा चष्मा ओढून जायचा. माझ्या टेबलापाशी रांग लागायला लागली. मला वाटलं, लोकांना कामाची गोडी लागली. तसं मी साहेबांना सांगितलंही.

मग हात धुण्याचं काढलं. दाराशी साबण ठेवला आणि आत पाऊल टाकायच्या आधी हात धुतलेच पाहिजेत असं बजावलं. पण ओल्या हाताने सुईला हात लावला की तिला गंज धरतो, त्यामुळे पॉलिशवाल्या बायका माझ्यावर धावून आल्या. मी एक मोठा पंचा टांगला. तो सगळ्यांनी मिळून एका दिवसात असा करून टाकला की तो बघूनच डोळे येतील. तो काढला. मग असं ठरलं, की हात धुवायचे आणि हवेत हलवून वाळवायचे. सकाळी अख्खी पाळी पटांगणात उभी राहून हात वर करून हलवत होती, आणि साहेबांनी वरच्या खिडकीतून बघितलं. त्यांना वाटलं संप झाला. ते मागच्या जिन्याने घरी निघून गेले आणि तिथून निरोप पाठवला की तुमच्या सगळ्या मागण्यांचा विचार करू. आमची काय मागणी आहे यावर मग दुपारपर्यंत वाद चालला, कारण काही नाही असं कळवायला कोणीच तयार होईना.

यापुढे मी जे दोन उपाय केले, ते लिहायची मला लाज वाटते. एक म्हणजे, आमची तपासणीची टेबलं एकमेकांना चिकटून होती ती मी लांब लांब केली. पण भिंग एकच. ते इकडून तिकडे न्यायला मी एक छोटं तबक आणलं, त्यात स्वच्छ कापूस पसरला आणि भिंग त्यात ठेवून ते टेबलाटेबलाला फिरवायची व्यवस्था लावून दिली. दुसरा उपाय म्हणजे, रोज सकाळी फाटकाशी उभा राहून मी प्रत्येकाचे डोळे तपासायला लागलो. खालची पापणी ओढायची, भिंग पापणीच्या केसांना टेकेल इतकं जवळ न्यायचं आणि नीट बघायचं. एकाचं झालं की लगेच दुसऱ्याचं. लाल असेल तो घरी, स्वच्छ असेल तो आत. (आतोबा, तुम्हाला एव्हाना कळलं असेल. कृपा करून आत्याकडे बघून मान हलवू नका, पुढे वाचा.) सकाळी माझ्या हाताखालून स्वच्छ डोळ्यांनी आत गेलेली माणसं थोड्याच दिवसांत लाल डोळे घेऊन यायची, आणि मला कळेना की मी एवढ्या बारकाईने बघूनही हा रोग शिरतो कुठून. मी खिडक्या बंद करून बघितल्या, उघडून बघितल्या. डोकं पार भंजाळून गेलं. ही म्हणाली, तुम्ही झोपेत छताकडे बघून बोलता.

शेवटी साहेबांनी डॉक्टर बोलावले. असा सावध माणूस मी जन्मात पाहिला नाही. हात खिशात घालून आले. दार कोपराने ढकललं. खुर्ची दिली तर बसले नाहीत, चहा दिला तर घेतला नाही. कारखान्याच्या मधोमध, सगळ्यांपासून लांब उभं राहून त्यांनी सांगितलं, की हा रोग बघण्याने येत नाही, धुळीनेही नाही आणि उष्णतेनेही नाही. एकाच्या डोळ्याला लागलेली वस्तू दुसऱ्याच्या डोळ्याला लागली की येतो. हात, रुमाल, पंचा, थेंबाची बाटली, सगळं ज्याचं त्याचं वेगळं ठेवा. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर सगळ्यात जास्त डोलावली, आणि तेव्हा तबक माझ्याच हातात होतं. जाता जाता डॉक्टरांचं तिकडे लक्ष गेलं. हे काय, म्हणाले. मी मोठ्या अभिमानाने माझा नियम सांगितला. त्यांनी खिशातून हात काढला, भिंग डोळ्यात बसवलं, सुईचं नेढं बघितलं आणि म्हणाले, वा. मग दुसऱ्या डोळ्यानेही बघितलं.

त्यानंतर गंमत अशी झाली, की साथ ओसरली. नवीन कोणाचे डोळे येईनात. (का ओसरली? ज्यांचे यायचे त्यांचे येऊन गेले होते, उरलो होतो मी एकटा. पण हे तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही.) साहेब माझ्यावर खूष झाले. त्याच सुमारास कारखान्यात दिव्याचं, स्टँडवरचं मोठं नवीन भिंग आलं होतं, तेव्हा साहेबांनी सगळ्यांना गोळा करून ते जुनं भिंग मला बक्षीस म्हणून दिलं. मिशीवाल्याने पहिल्यांदा टाळी वाजवली. मला इतकं भरून आलं की मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो आणि दोनच बोललो.

आणि काल डॉक्टर फाटकाशी आले. काळा चष्मा लावून. आत यायला तयार होईनात, बाहेरूनच साहेबांना बोलावलं आणि असं काही फैलावर घेतलं की रस्त्यावरची माणसं थांबली. त्यांचं म्हणणं, मी तुमच्याकडे चहा घेतला नाही, खुर्चीला टेकलो नाही, दाराची कडीसुद्धा धरली नाही, मग माझे डोळे आले कसे? साहेबांना या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, म्हणून त्यांनी तो माझ्याकडे ढकलला. ते म्हणाले, मुकादम, डॉक्टरांनी आपल्याकडे डोळ्याला लावलं तरी काय होतं? मिशीवाल्याने माझ्याकडे बघितलं, टोकवाल्याने बघितलं, पॉलिशवाल्या मावशींनी तर असं बघितलं की पाय जमिनीत रुतावेत. कोणीही छताकडे बघत नव्हतं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ही हसेल. ही हसली नाही. तिने एवढंच विचारलं, की ते भिंग आत्ता कुठे आहे. मी भरल्या ताटावरून उठलो आणि हे पत्र लिहायला घेतलं. लिहिता लिहिता सकाळ झाली आणि आता कारखान्याच्या माल चढवायच्या फाटकाशी बसून पुरं करतोय, कारण आमच्या मालाच्या ट्रकचा ड्रायव्हर तुमच्याच वाटेने जातो आणि टपालाच्या आधी पोचतो. बाकी सगळं क्षेम. हिचा दोघांना नमस्कार. न्हाणीघराच्या दाराला थोडं तेल घालून बघा.

तुझा लाडका
(आतोबांचा नावडता)
भाचा

ताजा कलम. मूळ मुद्दा राहूनच गेला. गेल्या खेपेला याच ड्रायव्हरच्या हाती तुला एक पुडकं पाठवलं होतं, कापसात गुंडाळलेलं. तू म्हणाली होतीस, की हल्ली सुईचं नेढं दिसत नाही, बोटाने चाचपून दोरा ओवावा लागतो, तुमच्या कारखान्यात नेढी जरा मोठी पाडत जा. मला राहवलं नाही. बक्षीस मिळालं त्याच दिवशी पाठवून दिलं. म्हटलं, ऑपरेशन होईपर्यंत तरी आत्याला दिसू दे. तर ते, ते भिंग आहे. अजून लावलं नसशील तर लावू नकोस. पुडक्याला हातही लावू नकोस.

ताजा कलम दुसरा. लावलं असशील तर आरशात बघ, डोळे लाल आहेत का. आता लक्षात आलं, की आरशात बघून तुला काय दिसणार. आतोबांनी बघावं. लाल असतील तर तुझी तारीख गेली, आणि ती माझ्यामुळे गेली. आत्या, कालपासून मला घास उतरत नाही. एवढ्या माणसांचे डोळे मी आपल्या हाताने घालवले, पण ते पुन्हा बरे झाले. तुझा एक तरी वाचावा म्हणून आम्ही सगळे देव पाण्यात ठेवून बसलोय, आणि मीच कापसात गुंडाळून तुझ्याकडे साथ पाठवली. तू मला चार शिव्या दे. आतोबांकडून लिहवून घेऊ नकोस, ते आपल्या पदरच्या घालतील. समोर आलीस की दे.

ताजा कलम तिसरा. ड्रायव्हर पत्र न्यायला आलाय. त्याला मी पुडक्याचं सरळच विचारलं. तो म्हणतो, काल परतताना तो तुमच्याकडे पाणी प्यायला थांबला होता. पुडकं आलं तेव्हापासून ते भिंग म्हणे आतोबांच्या डोळ्यातून निघालेलं नाही. सकाळी पेपर, दुपारी जुनी पत्रं, वाचायला काही उरलं नाही की डब्यांवरच्या चिठ्ठ्या. आत्याबाईंनी मागितलं तर आतोबा म्हणाले, तुझं ऑपरेशन व्हायचंच आहे, तुला कशाला हवं? त्यांचे दोन्ही डोळे लालबुंद झालेत आणि ते म्हणतात, वाचनाचा ताण. मी विचारलं, आणि आत्याचे? तो म्हणाला, आत्याबाईंचे स्वच्छ आहेत, त्यांच्या हाताला ते अजून लागलंच नाही. हे मी ड्रायव्हरकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, आणि मग तिथेच सुयांच्या खोक्यावर बसून चष्मा काढून रडलो.

म्हणजे आतोबा, हे पत्र तुम्ही पहिल्या नमस्कारापासून भिंग लावूनच वाचताय. हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं, पण वर आता गुडघे, खोकला आणि न्हाणीघराने जागा अडवली आहे. म्हणून इथेच मोठ्या अक्षरांत लिहितो. ते डोळ्यातून काढा. साबणाने हात धुवा. तुमचा पंचा, उशी, सगळं वेगळं ठेवा, बाहेरच्या खोलीत झोपा आणि आत्याच्या आसपास फिरकू नका. उद्याच्या पहिल्या गाडीने मी तिला न्यायला येतो. तुम्ही येऊ नका. तिच्या पुढ्यातली वस्तू उचलून आपल्याकडे ओढायची तुमची सवय मला लहानपणापासून खुपत आली आहे. या खेपेला तिनेच आत्याचे डोळे वाचवले. तुमचे उपकार मी कसे फेडू, मला खरंच कळत नाही.

आत्या, आतोबांनी आता भिंग काढलं असेल, म्हणजे त्या लालबुंद डोळ्यांना याच्यापुढचं दिसणार नाही आणि तुलाही नाही, म्हणून इथेच थांबतो.